कॉनवीचा किल्ला कोणाचा?

तुम्ही इंग्लंडात राहत असाल आणि भारतातून आई-बाबा तुमच्याकडे आले असतील, तर त्यांना घेऊन एखादा तरी किल्ला तुम्ही बघितला असेलच. पाहुण्यांना दाखवायच्या ठिकाणांची आपली एक यादी ठरलेली असते. लंडन, लेक डिस्ट्रिक्ट, एखादं देऊळ, एखादा कॅसल. आम्ही चेस्टरजवळ राहतो, त्यामुळे आमच्या यादीत उत्तर वेल्समधला कॉनवीचा किल्ला कायमचा आहे. चेस्टरहून समुद्राच्या कडेकडेने ट्रेन जाते आणि सुमारे तासाभरात अगदी तटाच्या आत नेऊन सोडते. म्हाताऱ्या माणसांना फार चालावं लागत नाही, उन्हाळ्यात सीगलनी सँडविच पळवलं नाही तर दिवस छान जातो.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाची सहल तिथे गेली होती. वीसेक माणसं, त्यात भारतातून आलेले चार-पाच आजी-आजोबा. माझे बाबाही होते. बाबा कोल्हापूरकडे शाळेत इतिहास शिकवायचे, आणि पन्हाळा त्यांनी किती वेळा पायाखाली घातला असेल याची मोजदाद नाही. सगळ्यात उंच बुरुजाच्या माथ्यावर पोचल्यावर आमच्यातल्या एकाने हौसेने आरोळी ठोकली, ‘छत्रपती शिवाजी महाराज की...’ आणि आम्ही सगळ्यांनी खणखणीत आवाजात ‘जय’ म्हटलं. मीही म्हटलं. किल्ला दिसला की ते आपोआप तोंडात येतं. तुमच्याही आलं असतं.

खाली उतरलो तेव्हा बाकावर एक वृद्ध गृहस्थ डबा खात बसले होते. वेल्श होते. त्यांनी हसून विचारलं, वर काय म्हणत होतात? मी जमेल तसं समजावलं. आमच्या भागात साडेतीनशे वर्षांपूर्वी एक राजा होऊन गेला, मोठमोठ्या सत्तांशी लढून त्याने आपल्या लोकांचं राज्य उभं केलं, आणि ते किल्ल्यांच्या जिवावर केलं, म्हणून किल्ला पाहिला की आम्हाला त्याची आठवण येते. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग तुम्ही भिंतीच्या चुकीच्या बाजूला उभं राहून ओरडलात. हा किल्ला आमच्यासाठी बांधला नव्हता, आम्हाला बाहेर ठेवायला बांधला होता. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण ‘आम्ही’ हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जणू परवाची गोष्ट आहे.

बाबांनी विचारलं, काय म्हणाले गं? मी मराठीत सांगितलं. बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘म्हणजे ही ब्रह्मपुरीची छावणी म्हणायची. फक्त दगडात बांधलेली.’

भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला औरंगजेब स्वराज्य गिळायला तळ देऊन वर्षानुवर्षं बसला होता, ती ही छावणी. बाबांचं ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. त्यानंतर मी कॉनवीला अनेकदा गेले, थोडं वाचलं, आणि आता तो किल्ला मला वेगळा दिसतो. तुम्ही कधी तिकडे जाणार असाल तर तोच किल्ला तुम्हाला दाखवावा, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात थोडी मागून करू. तेराव्या शतकात वेल्स हे एकसंध राज्य नव्हतं. अनेक लहानमोठे सरदार-राजे होते आणि त्यांत वायव्येकडचं ग्विनेद हे डोंगराळ राज्य सगळ्यात बळकट होतं. तिथला राजपुत्र लिवेलिन आप ग्रिफिद. ‘आप’ म्हणजे अमक्याचा मुलगा. इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीने १२६७ च्या तहात त्याला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ म्हणून मान्यता दिली होती. हेन्रीनंतर त्याचा मुलगा पहिला एडवर्ड गादीवर आला, आणि त्याच्यापुढे येऊन मुजरा करायला लिवेलिन टाळाटाळ करत राहिला. १२७७ मध्ये एडवर्डने स्वारी केली, लिवेलिनचा मुलूख बराच कापला. १२८२ मध्ये लिवेलिनचा भाऊ दाविद याने बंड पुकारलं, लिवेलिन त्यात उतरला, आणि त्याच वर्षी ११ डिसेंबरला तो मारला गेला. त्याचं शिर लंडनला नेऊन टॉवरवर लावलं. पुढच्या वर्षी दावदिही पकडला गेला आणि श्रूझबरीला त्याची अतिशय क्रूरपणे हत्या करण्यात आली. ग्विनेदचं स्वतंत्र राज्य तिथे संपलं.

राज्य जिंकणं एक आणि डोंगराळ मुलूख ताब्यात ठेवणं दुसरं, हे आपल्याला सह्याद्रीवरून माहीत आहे. एडवर्डलाही ते कळत होतं. त्याने उत्तर वेल्सच्या किनाऱ्यावर एकामागून एक किल्ले उभे करायला घेतले. फ्लिंट आणि रुडलान पहिल्या स्वारीनंतरचे. कॉनवी, हार्लेख आणि केर्नार्व्हन १२८३ मध्ये सुरू झालेले. ब्यूमॅरिस १२९५ चा. डोंगरातल्या ग्विनेदला बाहेरून वेढणाऱ्या या किल्ल्यांना पुढे लोक ‘लोखंडी कडं’ म्हणू लागले.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. हे मोठे किल्ले समुद्राला किंवा खाडीला लागून आहेत. आपले बहुतेक गड डोंगरमाथ्यावर असतात, कारण लढणारे लोक तिथलेच, दाणागोटा खालच्या गावातून वर जायचा आणि गाव आपलं असायचं. एडवर्डच्या शिबंदीला आजूबाजूचं एकही गाव आपलं नव्हतं. धान्य, दारू, बाण, माणसं, सगळं जहाजातून यायचं. रस्ते वेल्श लोकांनी तोडले तरी समुद्र तोडता येत नाही. किल्ल्याची जागाच सांगते की बांधणाऱ्याला आसपासच्या लोकांचा भरवसा नव्हता.

कॉनवीची जागा तर आणखी बोलकी आहे. नदी समुद्राला मिळते तिथल्या काठावर आधी एक ख्रिस्ती मठ होता, अबरकॉनवी नावाचा. ग्विनेदच्या घराण्याचं हे श्रद्धास्थान. लिवेलिनचा आजा, थोरला लिवेलिन, १२४० मध्ये वारला तेव्हा त्याला इथेच पुरलं होतं. १२८३ च्या मार्चमध्ये एडवर्ड नदी ओलांडून इथे आला, त्याने मठवासीयांना उचलून नदीच्या वरच्या अंगाला माएनान इथे नेऊन बसवलं, आणि त्या जागी किल्ला आणि तटबंदीचं गाव वसवायला घेतलं. हरलेल्या घराण्याच्या समाधीच्या जागेवर जिंकणाऱ्याचा तट. थोरल्या लिवेलिनची म्हणून दाखवतात ती दगडी शवपेटी आज कॉनवीत नाही. ती काही मैलांवर, लानरूस्तच्या चर्चमध्ये आहे, आणि रिकामी आहे. मठाचं चर्च मात्र तिथेच राहिलं. ते गावाचं सेंट मेरीज चर्च झालं. त्याची आठवण ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

बांधकाम कोणी केलं? आराखडा आणि देखरेख मुख्यतः सेंट जॉर्जच्या मास्टर जेम्सची. हा सवॉयचा, म्हणजे आल्प्समधल्या, आजच्या फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवरच्या मुलखातला माणूस. एडवर्डला त्याचं काम इतकं आवडलं होतं की त्याला दिवसाला ३ शिलिंग पगार होता. त्या काळी चांगल्या गवंड्याला दिवसाचे चार-पाच पेन्स मिळत आणि एका शिलिंगाचे १२ पेन्स, म्हणजे फरक ध्यानात येईल. जेम्सच्या मागे त्याच्या बायकोलाही पेन्शन कबूल केली होती. परदेशी तंत्रज्ञ, उत्तम पगार, कुटुंबाची सोय. मला हे वाचताना आपल्या वर्क परमिटवाल्या मंडळींची आठवण झाली.

बाकीचे कारागीर आणि मजूर इंग्लंडभरातून गोळा केलेले. गवंडी, सुतार, खंदक खणणारे, लाकूडतोडे, सगळे आमच्या चेस्टरला जमायचे आणि उन्हाळ्याच्या हंगामासाठी वेल्समध्ये पाठवले जायचे. थंडीत बांधकाम जवळपास थांबायचं. १२८३ ते १२८७ अशा जेमतेम चार-पाच वर्षांत किल्ला आणि गावाचा तट बहुतेक पूर्ण झाला. दोन्हींचा मिळून खर्च सुमारे १५,००० पौंड. तेव्हाच्या राज्याला ही रक्कम प्रचंड होती. वेल्सच्या स्वारीसाठी एडवर्डने इटलीतल्या लुक्का शहराच्या सावकारांकडून मोठी कर्जं घेतली होती.

चला, आता आत जाऊ.

आज तिकीटघराकडून जो रस्ता वर जातो तो नवा आहे. मूळचा रस्ता पश्चिमेकडून उंच दगडी चढावाने यायचा आणि शेवटी उचलता पूल होता. आत शिरलात की आधी एक छोटं अंगण लागतं. हे दरवाजापुढचं संरक्षण. वर मान करून बघा. तटाच्या माथ्यावर दगडी तोडे पुढे आलेले दिसतील आणि त्यांच्यामध्ये फटी. खाली दरवाजाशी कोणी भिडलं तर वरून थेट डोक्यावर दगड टाकायची ती सोय. दगडात केलेली अशी व्यवस्था ब्रिटनमध्ये शाबूत राहिलेल्यांपैकी ही सगळ्यात जुनी.

मग मोठं अंगण. आपल्या भाषेत माची म्हणा. उजव्या हाताला दरबाराच्या दिवाणखान्याची लांबलचक इमारत आहे. छप्पर गेलंय, पण चौदाव्या शतकात छताला आधार म्हणून बसवलेल्या दगडी कमानींपैकी एक अजून उभी आहे. नीट बघितलंत तर दिवाणखाना सरळ नाही, मध्ये वाकलेला आहे. खालचा खडक जसा वळतो तशी भिंत वळवलेली आहे. डावीकडे स्वयंपाकघर आणि तबेले होते. अंगणाच्या टोकाला विहीर, खडकात नव्वद फुटांपर्यंत खणलेली. ती बघून आमचे सगळे आजोबा खूश झाले. पाण्याशिवाय किल्ला नाही, हे सांगायला त्यांना कोणा गाईडची गरज नव्हती.

विहिरीपलीकडे मधला तट आणि आत दुसरं, लहान अंगण. हा बालेकिल्ला. इथे राजा एडवर्ड आणि राणी एलिनॉर यांच्यासाठी महाल, एका बुरुजात छोटं देवघर. एकूण बुरूज आठ, गोल, प्रत्येकी सत्तरेक फूट उंच. बालेकिल्ल्याच्या चार बुरुजांवर आणखी एकेक बारीक मनोरा आहे. लांबून बघणाऱ्याला लगेच कळावं की राजा त्या अर्ध्यात राहतो. बालेकिल्ल्याच्या पूर्वेला पुन्हा एक बंदिस्त अंगण, तिथे पुढे बाग होती, आणि तिथून थेट खाली नदीच्या धक्क्यावर उतरणारा दरवाजा. म्हणजे माची शत्रूच्या हाती गेली तरी बालेकिल्ला मधला दरवाजा बंद करून स्वतंत्र लढू शकायचा आणि पाण्यातून रसद घेऊ शकायचा. बाहेरचे लोक शत्रू आहेत हे तर धरलेलंच होतं. माचीतली माणसंही उद्या आपली राहतील की नाही, याची तजवीज करून ठेवली होती.

बुरुजांच्या बाहेरच्या अंगावर चौकोनी भोकं दिसतील. ती परांचीच्या लाकडांसाठी. गंमत म्हणजे ती आडव्या रांगांत नाहीत. बुरुजाभोवती नागमोडी चढत जातात, कारण परांचीच उताराची होती आणि तिच्यावरून दगड वर नेत असत. ही सवॉयची पद्धत. परदेशी गवंड्याने दगडात आपली सही सोडली आहे म्हणा. आणखी एक. आज किल्ला करडा दिसतो, पण तेव्हा तो चुन्याने पांढरा केलेला होता. काही ठिकाणी त्या चुन्याचे थर अजून सापडतात. डोंगरातून खाली बघणाऱ्या वेल्श गुराख्याला खाडीच्या काठावर एक पांढराशुभ्र, अवाढव्य, परका आकार रोज दिसत असणार.

किल्ल्याइतकाच गावाचा तटही बघण्यासारखा आहे. सव्वा किलोमीटरच्या वर लांबी, एकवीस बुरूज, तीन मूळचे दरवाजे, आणि बऱ्याच भागावरून आजही फांजीवरून चालता येतं. दक्षिणेच्या बाजूला ओळीने बारा शौचकूप तटाबाहेर काढलेले आहेत. रायगडावरचे शौचकूप दाखवताना आपल्याकडे गाईड जितक्या अभिमानाने बोलतो, तितक्याच अभिमानाने इथेही बोलतात. मुलांना हे ठिकाण सगळ्यात जास्त आवडतं.

पण या तटाच्या आत राहत कोण होतं? एडवर्डने इंग्लंडमधून माणसं आणून इथे वसवली. त्यांना घरासाठी जागा, व्यापाराचे हक्क, सवलती दिल्या. वेल्श माणसाला तटाच्या आत घर करून राहायला बंदी होती. पुढे १४०१-०२ मध्ये तर इंग्लंडच्या पार्लमेंटने वेल्श लोकांवर कायदेच केले की त्यांनी या गावांत मालमत्ता घेऊ नये, हत्यार बाळगू नये, वरची पदं भोगू नयेत. स्वतःच्या नदीच्या काठावर, स्वतःच्या राजाच्या मठाच्या जागी ते परके ठरले. ‘वेल्श’ हा शब्दच मुळी जुन्या इंग्रजीतल्या ‘परका’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. ते स्वतःला ‘कम्री’ म्हणतात, म्हणजे एका देशाचे सोबती. आपण इथे इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहून ‘परका’ हा शब्द अंगावर घेतो तो स्वखुशीने. त्यांना तो घरबसल्या मिळाला.

मग हा किल्ला कधी पडला का? पडला, आणि त्याची गोष्ट तुम्हाला ओळखीची वाटेल.

एवढ्या मोठ्या किल्ल्यात नेहमीची शिबंदी फक्त तीस माणसांची ठेवली होती. त्यांतले पंधरा क्रॉसबो चालवणारे, शिवाय एक सुतार, एक लोहार, एक गवंडी, एक धर्मगुरू असे कामाचे लोक. भिंतीच इतक्या जाड होत्या की जास्त माणसं लागू नयेत असा हिशेब. एकदा तो हिशेब जमला. १२९४ मध्ये मादोग आप लिवेलिनने बंड केलं. त्या हिवाळ्यात खुद्द एडवर्ड थोडी माणसं घेऊन कॉनवीत आला आणि अडकला. वेल्श लोकांनी त्याचं सामान लुटलं, पुराच्या पाण्याने मदत पलीकडच्या काठावर थांबली. राजाला कित्येक दिवस आतच काढावे लागले. पण किल्ला टिकला, आणि पुढे जहाजांतून रसद पोचली.

दुसऱ्यांदा हिशेब चुकला. १४०० मध्ये ओवाइन ग्लिनडूर या वेल्श सरदाराने स्वतःला प्रिन्स ऑफ वेल्स जाहीर करून मोठा उठाव केला. त्याचे नातलग दोन भाऊ, रीस आणि ग्विलिम आप तुदुर. १ एप्रिल १४०१, गुड फ्रायडे. शिबंदीतले जवळपास सगळे गावातल्या चर्चमध्ये प्रार्थनेला गेले होते. मघाशी म्हटलं ते, जुन्या मठाचं चर्च. किल्ल्यात मोजकीच माणसं. तेवढ्यात काही सुतार कामाला आले आहेत असं सांगून दरवाजाशी पोचले. पहारेकऱ्यांनी त्यांना आत घेतलं, सुतारांनी पहारेकऱ्यांना मारलं आणि चाळीसेक माणसं आत शिरली. सोळाव्या वर्षापासून किल्ल्यांच्या गोष्टी ऐकलेल्या माझ्या बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘कोंडाजी फर्जंद!’ १६७३ मध्ये साठ मावळ्यांनिशी पन्हाळा घेणारा कोंडाजी. भिंत कितीही जाड असली तरी दरवाजा माणूसच उघडतो, हे दोन्हीकडे सारखंच.

पण गोष्टीचा शेवट इतका गोड नाही. किल्ला जवळजवळ तीन महिने त्यांच्या हातात राहिला. पुढे वेढा पडला, बोलणी झाली. दोघा भावांना माफी मिळाली, आणि त्या बदल्यात त्यांनी आपल्याच काही साथीदारांना इंग्रजांच्या हवाली केलं. ते हाल करून मारले गेले. आपल्या गोष्टींतही असे शेवट असतात, पोवाड्यात ते येत नाहीत एवढंच. आणि इतिहासाचा आणखी एक विनोद बघा. याच दोन भावांचा तिसरा भाऊ मारेदिद. त्याचा पणतू १४८५ मध्ये इंग्लंडच्या गादीवर बसला, सातवा हेन्री म्हणून. ज्या घराण्याने फसवून किल्ला घेतला, त्याच तुदुर घराण्याचं नाव आपण शाळेत ‘ट्यूडर’ म्हणून पाठ केलं.

पुढे तोफांचा काळ आला. इंग्लंडच्या यादवी युद्धात किल्ला राजाच्या बाजूने लढला आणि १६४६ मध्ये वेढ्यानंतर पार्लमेंटच्या हाती गेला. १६५५ मध्ये सरकारी हुकमाने त्याचा एक बुरूज मुद्दाम फोडला, म्हणजे पुन्हा कोणी वापरू नये. दहा वर्षांनी उरलंसुरलं शिसं आणि लोखंडही काढून विकलं. आपल्याकडे १८१८ नंतर इंग्रजांनी कित्येक गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे सुरुंग लावून उडवले, ते हेच शास्त्र. त्यांनी ते आधी आपल्या घरच्या किल्ल्यांवर करून बघितलं होतं.

त्यानंतर किल्ल्याचा उपयोग उरला तो चित्रांपुरता. टर्नरसारख्या चित्रकारांनी तो रंगवला. १८२६ मध्ये टेलफर्डने नदीवर लोखंडी झुलता पूल बांधला आणि त्याचे खांब किल्ल्याला शोभावेत म्हणून बुरुजांसारखे केले. १८४८ मध्ये स्टीफन्सनने त्याला लागून रेल्वेचा पूल केला. आपण येतो ती ट्रेन त्यावरूनच येते. १९८६ मध्ये कॉनवी, केर्नार्व्हन, हार्लेख आणि ब्यूमॅरिस मिळून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. २०२५ च्या जुलैमध्ये आपले बारा किल्ले, महाराष्ट्रातले अकरा आणि तामिळनाडूतला जिंजी, त्याच यादीत गेले. तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर पेढ्यांची चित्रं फिरत होती. मला एकदम त्या बाकावरच्या गृहस्थांची आठवण आली. त्यांच्या प्रांतातले चार किल्ले यादीत गेले तेव्हा त्यांनी पेढे वाटले असतील का?

हा प्रश्न नुसता माझ्या मनातला नाही. अठराव्या शतकात टॉमस पेनंट हा वेल्श लेखक केर्नार्व्हनचा किल्ला पाहून त्याच्या भव्यतेची तारीफ करता करता, ही आमच्या गुलामीची खूण आहे, अशा अर्थाचं लिहून गेला. २०१७ मध्ये फ्लिंटच्या किल्ल्याजवळ एक प्रचंड लोखंडी कडं शिल्प म्हणून उभारायची योजना जाहीर झाली. पर्यटक येतील, असा विचार. हजारो लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. आम्हाला बांधणाऱ्या कड्याचं स्मारक आमच्याच पैशाने? योजना काही आठवड्यांत गुंडाळावी लागली. सातशे वर्षं हा काळ मोठा आहे, पण इतकाही मोठा नाही.

आणि तरीही हे किल्ले वेल्श लोकांनी पाडले नाहीत, टाकूनही दिले नाहीत. त्यांची देखभाल आज वेल्श सरकारचं ‘कादू’ हे खातं करतं. कादू म्हणजे वेल्शमध्ये ‘जतन करणं’. किल्ल्यातली प्रत्येक पाटी दोन भाषांत आहे, आणि वेल्श वर. ज्या भाषेला तटाच्या आत घर नव्हतं, ती आता दरवाजातच तुमचं स्वागत करते.

कॉनवीहून तासाभरावर केर्नार्व्हन आहे. तेही एडवर्डने इंग्रजांसाठी वसवलेलं तटबंदीचं गाव, तिथला किल्ला तर याहून दिमाखदार. आज वेल्समध्ये वेल्श बोलू शकणारे लोक २०२१ च्या जनगणनेप्रमाणे १७.८ टक्के आहेत. पण केर्नार्व्हनच्या बाजारात उभे राहा. बेकरीत, बसमध्ये, शाळेतून सुटलेल्या पोरांच्या तोंडी, सगळीकडे वेल्शच. गावातले बहुसंख्य लोक ती बोलतात. जिथे ती येऊ नये म्हणून दगड रचले, तिथेच ती सगळ्यात घट्ट धरून आहे. हे आपोआप झालेलं नाही. एकोणिसाव्या शतकात शाळेत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडाचा तुकडा अडकवत. तरीही घराघरांत आया मुलांशी वेल्शच बोलत राहिल्या, पुढे लोक शाळांसाठी, टीव्हीच्या वाहिनीसाठी, पाट्यांसाठी भांडले.

हे मी तुम्हाला का सांगते, ते तुम्हीही ओळखलं असेल. आमची मुलगी त्या सहलीत नऊ वर्षांची होती. ‘जय’ तिनेही म्हटलं होतं, सगळ्यांत मोठ्याने. ट्रेनमध्ये परत येताना आजोबांनी तिला कोंडाजीची गोष्ट सांगितली. तिला निम्मी कळली. अर्ध्यावर ती मला म्हणाली, आई, इंग्लिशमध्ये सांग ना. आजोबा हसले, पण खिडकीतून बाहेर बघायला लागले. आम्हाला कोणी कधी कुठल्या तटाबाहेर ठेवलं नाही, कोणी मुलीच्या गळ्यात लाकूड अडकवलं नाही. मराठी बोलायला काहीच आडकाठी नव्हती. मीच दमलेली असायचे आणि इंग्रजी सोपं पडायचं.

बाबा आता नाहीत. पन्हाळ्याला गेलं की त्यांची आठवण येते, आणि खरं सांगायचं तर कॉनवीला गेलं की जास्त येते. मुलगी आता मोठी झाली आहे. गेल्या उन्हाळ्यात तिला घेऊन पुन्हा गेले. विहिरीशी उभी राहून मी तिला सगळी गोष्ट सांगितली, मठाची, सुतारांची, ज्यांना हवाली केलं त्यांची, आणि मराठीत सांगितली. मध्ये तीन-चार वेळा अडले. तटाला मराठीत तटच म्हणतात हे तिला आवडलं, जंग्या हा शब्द तिने दोनदा म्हणून बघितला. बुरुजावर ती गप्प उभी राहिली. मग तिने विचारलं, आपण इथे काय म्हणायचं?

मी म्हटलं, काही नाही, बघायचं.

तर तुम्ही जाल तेव्हा जरूर जा, आई-बाबांना घेऊन जा. बुरुजावर चढा, खाडीवरचा वारा खा, फोटो काढा. महाराजांची आठवण आली तर येऊ द्या, ती चुकीची नाही. फक्त एकदा मान वळवून डोंगराकडे बघा, जिकडे त्या लोकांची गावं होती. आपले मावळे तिकडचे असते.